राखेचा टक्का

आधी हॉटप्लेटवर. ककाओ काळा पडतो,
आणि त्याचा सगळा तोरा
एक्झॉस्टच्या पाइपातून कुपवाडच्या आभाळात जातो.
दहा मिनिटं अख्खी एमआयडीसी वाढदिवसासारखी दरवळते.
शेजारच्या फाउंड्रीचा वॉचमन गेटवरून ओरडतो,
"आज कुणाचा केक?"

मग भट्टी. पाचशे पन्नास अंश, सहा तास.
चव जाते, रंग जातो, स्निग्ध जातं,
पाकिटावरचं हिरवं पान, 'शक्ती' हा शब्द,
इडुक्कीचा पाऊसही जात असावा.
उरते ती मुशीच्या तळाशी करडी चिमूट.
पंखा बंद करून, श्वास धरून मी ती तोलते:
पाच ग्रॅमला शून्य पूर्णांक तीन चार एक दोन.
यातच सगळं, मॅग्नेशियम, जस्त, तांबं, लोह.
जे जळायला तयार नाही ते.

इथे सगळे क्रुसिबल म्हणतात. मी मूस म्हणते.
आमचे दादा लेंगऱ्याहून सेलमला गेले गलाईला,
सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचे,
झाडलोट, जुनी गोणपाटं, हात पुसलेली फडकी.
जाळायचे. राखेतून गुंजभर काढायचे.
तेजाबाच्या धुरानं पुढचे दात गेले,
दिवाळीला गावी आले की तोंड मिटून हसायचे.
मला बीएस्सीला घातलं तेव्हा विचारलं,
"तिथं काय जाळतात?"
मला तेव्हा माहीत नव्हतं.

मल्लव्वा मुशी धुते.
जत तालुक्यातली, माडग्याळच्या पलीकडची.
सिव्हिलच्या शिबिरात तिचं हिमोग्लोबिन
सात पूर्णांक नऊ निघालं.
गोळ्या दिल्या, त्यांनी पोट धरतं म्हणून
त्या डब्यात तशाच, बांगड्यांच्या शेजारी.

परवा शेवग्याच्या पाल्याची भुकटी आली, उमदीकडची.
"हिच्यात किती, अक्का?"
शंभर ग्रॅमला अठ्ठावीस मिलिग्रॅम लोह.
"आणि चमच्याला?"
दीडच्या आत.
"आणि त्यातलं अंगी किती लागतं?"

रिपोर्टात तो रकाना नाही.
त्यासाठी भट्टी नाही, ताजवा नाही,
मगदूम शेठ मागवायलाही तयार होणार नाहीत.
मी सांगत बसले, ते पोटावर असतं,
लिंबू पिळलं तर जास्त लागतं,
वर लगेच चहा घेतला तर चहाच अडवतो,
ककाओसुद्धा अडवतो, एवढं नाव असून.
तिनं हातातल्या चहाकडे पाहिलं.
माझ्याही.
दोघींनी संपवला.

"आमच्या दारात हे झाड होतं," ती म्हणाली,
"शेंगा बाजारात, पाला मेंढ्यांना.
मेंढीचं रक्त तपासा कधी.
तिला शिबिराची गरज नाही."
आणि खूप वेळ हसली,
नळ चालू ठेवून.

पाकिटाची किंमत तीनशे चाळीस.
आकडा माझा, सही माझी, तारीख आजची.
खोटं काहीच नाही.
फक्त मी पाल्याचं मोजलंय, माणसाचं नाही,
हे छापायला तळाशी जागा नसते.

संध्याकाळी मार्केट यार्डाकडून हळदीचा वास येतो,
खिडकीच्या फटीवर पिवळी रेघ.
मल्लव्वा चार नंबरची मूस उजेडात धरते:
आत एक तांबूस कडं, आम्लालाही न जाणारं.
"घास अजून," मी म्हणते.
"राहू दे की अक्का,
मुशीच्या तरी अंगी लागलंय."

मी पंखा बंद करते.
मुशीचं रिकामं वजन नव्यानं घेऊन वहीत लिहिते:
मागच्यापेक्षा जास्त,
शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य दोन.